रेसचा दिवस एक, हप्ते बारा महिने



मागच्या महिन्यात दुकानात एक मुलगा आला. वय चोवीस-पंचवीस. आपल्या चॅनेलचे बहुतेक व्हिडिओ पाहिलेले. त्याच्या मोबाईलमध्ये एक फोटो होता. सगळीकडे वाळवंट, एक झाड दिसत नाही, आणि मधून वळणं घेत गेलेला डांबरी रेस ट्रॅक. म्हणाला, "ताई, असं काहीतरी आपल्याकडे करायचंय. गो-कार्टिंग आणि बाईकचा ट्रॅक. जागा घरचीच आहे."

घरची जागा म्हणजे आजोबांनी लावलेली नारळ-सुपारीची वाडी आणि तिला लागून भाताचा एक तुकडा. ट्रॅक भाताच्या तुकड्यात, आणि वाडी गहाण ठेवून कर्ज. वडील सही करायला तयार नाहीत. "तुम्ही एकदा बाबांशी बोला ना," हे तो निघताना म्हणाला. खरं तर त्याच कामासाठी तो आला होता.

मी त्याला सांगितलं, बाबांशी नंतर बोलू, आधी तू माझ्यासोबत हिशोबाला बस. आम्ही दोन तास बसलो. त्या दोन तासांत जे बोललो ते इथे लिहिते आहे, कारण हाच प्रश्न मला वेगवेगळ्या कपड्यांत दर आठवड्याला भेटतो. कुणाला हॉल बांधायचाय, कुणाला कॉटेज, कुणाला वॉटर स्पोर्ट्सची बोट. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: ज्या धंद्याचं उत्तर फक्त शनिवार-रविवारी मिळतं, त्याच्यासाठी घरची जमीन गहाण ठेवू नका. आधी मंगळवारचं गिऱ्हाईक शोधा.

आधी माझीच चूक

माझं दुकान अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर. टू-व्हीलरचे स्पेअर पार्ट्स, ऑइल, हेल्मेट. वडिलांनी सुरू केलं, बीबीए झाल्यावर मी बसायला लागले. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. लॉकडाऊन सरलं तशी मुंबईची गाडी थेट बोटीतून उतरायला लागली. शनिवारी सकाळी मोठ्या बाईकची रांगच्या रांग दुकानासमोरून जायची. मला वाटलं, आपलं नशीब रस्त्यावरून चाललंय, फक्त हात दाखवायचा.

मग मी रायडिंग जॅकेट, ग्लोव्ह्ज, नी-गार्ड असा माल भरला. कॅश क्रेडिटची लिमिट त्यातच संपवली. काचेचा नवा शोकेस केला. शनिवारी रायडर थांबायचे, जॅकेट घालून बघायचे, आरशासमोर फोटो काढायचे आणि एक ट्यूब घेऊन पुढे जायचे. एवढा महाग माल माणूस फिरायला निघाल्यावर वाटेत घेत नाही. तो घरून घालूनच निघतो. ही साधी गोष्ट मला कळायला एक सीझन गेला.

त्याच काळात मंगळवारी-बुधवारी कोळीवाड्यातल्या बायका यायच्या. स्कूटरवर म्हावऱ्याच्या पाट्या नेतात. पाटीतलं खारं पाणी ठिबकून ब्रेकची वायर गंजते, स्टँडची स्प्रिंग जाते. आणि मी त्यांना सांगायचे, "मावशी, वायर संपलीय, परवा या." परवा त्या दुसरीकडे गेल्या. माझे पैसे जॅकेटमध्ये अडकले होते म्हणून वायर आणायला पैसे नव्हते. दोन गिऱ्हाइकं तर कायमची गेली.

म्हणून मी हे पुस्तकातलं ज्ञान म्हणून सांगत नाहीये. ती जॅकेटं शेवटी मी खरेदीपेक्षा कमी दरात काढली.

फोटोतला ट्रॅक चालतो कसा?

त्याच्या मोबाईलमधला तो ट्रॅक अमेरिकेतला. नाव विलो स्प्रिंग्स. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, रोझामंड नावाच्या गावाजवळ. १९५३ साली सुरू झाला. साधारण ४ किलोमीटरचा फेरा, ९ वळणं. 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' सिनेमा पाहिला असेल तर त्यात सुरुवातीला याच ट्रॅकवरची शर्यत आहे.

मुलाला वाटत होतं की तिथे दर आठवड्याला मोठी रेस होते आणि तिकिटं विकून पैसे येतात. तसं नाही. पन्नासच्या दशकात तिथे मोठ्या शर्यती झाल्या, पण ट्रॅक इतकी वर्षं टिकला तो भाड्यावर. कारचे क्लब दिवसभरासाठी ट्रॅक घेतात. बाईकवाले आपली गाडी घेऊन येतात, पैसे भरून चालवतात. ड्रायव्हिंग स्कूल चालतात, गाड्यांच्या चाचण्या होतात, शूटिंग होतं. म्हणजे तिथलं गिऱ्हाईक बहुतांशी बघणारं नाही, चालवणारं आहे. बघणारा माणूस वर्षातून एकदा येतो. चालवणारा परत परत येतो, कारण त्याला मागच्या वेळेपेक्षा दोन सेकंद कमी करायचे असतात.

आता दुसरी गोष्ट. वाळवंटच का? कारण तिथे जमीन स्वस्त. पाऊस नावाला, त्यामुळे बाराही महिने ट्रॅक उघडा. शेजारी वस्ती विरळ आणि जवळच एडवर्ड्स हा हवाई दलाचा मोठा तळ. विमानांच्या आवाजात राहणाऱ्यांना गाडीचा आवाज काय सांगणार? जी जागा शेतीला निरुपयोगी, तीच या धंद्याला सोयीची. त्यांनी आपल्या जागेचा दोष घेतला आणि तो दोष ज्याला चालतो असा धंदा निवडला.

मी त्याला विचारलं, यातलं तुझ्या वाडीत काय आहे? जमीन स्वस्त? अलिबाग तालुक्यात गुंठ्याचा भाव तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पाऊस? अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तो चार महिन्यांत पडतो. ट्रॅक त्या चार महिन्यांत बंद, पण बँकेचा हप्ता बंद नाही. शेजारी? एका बाजूला चुलत्यांचं घर, दुसऱ्या बाजूला होम-स्टे. लोक तिथे शांततेचेच पैसे देतात. वरून खारी हवा, म्हणजे गाड्यांचा पत्रा, बेअरिंग, चेन सगळं लवकर खाणार. हे मी स्पेअर पार्ट विकणारी बाई म्हणून सांगते. आणि कागदपत्रं वेगळीच. भाताची जमीन बिगरशेती करून घ्यायची, किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडची परवानगी बघायची, ग्रामपंचायतीपासून पोलिसांपर्यंत फेऱ्या मारायच्या.

तो म्हणाला, "मग बीचवर करू. वाळू तर फुकट आहे."

वाळू फुकट दिसते. पण समुद्र दिवसातून दोनदा येऊन ती परत घेतो. ओहोटीला वाळू रस्त्यासारखी कडक लागते म्हणून बाहेरगावचे लोक गाडी घालतात, चाक रुततं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. पाण्यात अर्धी बुडालेली एसयूव्ही ट्रॅक्टरने ओढतानाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. जी जागा आपली नाही, जिच्यावर वेळ आपली नाही आणि परवानगीही आपली नाही, तिथे पक्का धंदा उभा राहत नाही. हातगाडी लागते, कारण ती उचलून नेता येते.

बैलगाडा शर्यतीने काय शिकवलं

आपल्या किनाऱ्याला शर्यत नवी नाही. ओहोटीच्या वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती आपल्या आजोबांनी पाहिल्यात. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. राज्याने नंतर कायदा बदलला, तरी प्रत्यक्ष शर्यतीला परवानगी मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. मध्ये साडेसात वर्षं गेली.

बंदी बरोबर की चूक, हा वाद मी इथे घेत नाही. धंदेवाल्याच्या नजरेने एवढंच बघा. शर्यतीच्या दिवशी वडापाव, उसाचा रस, भेळ, आइसकांडी सगळे कमावतात. पण ज्याची कमाई फक्त त्या दिवसावर होती, त्याच्यासाठी ही साडेसात वर्षं कोरडी गेली. ज्याची वडापावची गाडी रोज एसटी स्टँडवर उभी असते आणि शर्यतीला एक दिवस वाळूवर जाते, त्याचा एक दिवस बुडाला, घर बुडालं नाही. दोघांची मेहनत सारखीच. फरक फक्त रोजच्या गिऱ्हाइकाचा.

मोठ्यांचंही तेच

कुणी म्हणेल, हे लहान माणसांचं झालं, मोठा पैसा लावला की चालतं. मग ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट बघा. ५.१२५ किलोमीटर, १६ वळणं, हर्मन टिल्के या जगातल्या नावाजलेल्या डिझायनरचं काम. खर्चाचे आकडे तेव्हा दोन हजार कोटींच्या आसपास छापून येत होते. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे पहिली फॉर्म्युला वन झाली. २०११, २०१२, २०१३ अशी तीन वर्षं शर्यत झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला, आणि मग बंद. करांचा वाद होता. उत्तर प्रदेश सरकार या शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानत होतं. प्रेक्षकही पहिल्या वर्षीसारखे राहिले नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी झाली, ती त्यानंतरची मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत.

तिथला रस्ता वाईट नव्हता. जगातल्या उत्तम ट्रॅकमध्ये त्याचं नाव घेतलं जायचं. मधल्या दिवसांत तिथे ट्रॅक-डे, गाड्यांचे लाँच, इतर शर्यती होतातही. पण लाखभर खुर्च्यांचा पसारा तीन दिवसांच्या गर्दीसाठी बांधला, आणि ती गर्दी आली नाही की उरलेल्या दिवसांच्या भाड्यात एवढा पसारा झाकला जात नाही.

आता याच देशातलं दुसरं उदाहरण. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला. योगायोगाने तेच साल, विलो स्प्रिंग्सचं. पण यांनी सुरुवातीला ट्रॅक बांधला नाही. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी पडून होती. तिच्यावर शर्यती भरवल्या. वर्षानुवर्षं त्याच उसन्या धावपट्टीवर. रेसर तयार झाले, मेकॅनिक तयार झाले, बघणारे तयार झाले. इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक उभा राहिला १९९० मध्ये. म्हणजे क्लब स्थापन झाल्यानंतर ३७ वर्षांनी.

३७ वर्षं आधी गिऱ्हाईक, मग ट्रॅक. आज तिथे राष्ट्रीय शर्यती होतात, कंपन्यांच्या स्पर्धा होतात, आणि कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूलचे वर्गही भरतात. लोक पैसे भरून बाईक वळवायला शिकतात.

आपल्या महाराष्ट्रातही बघा. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्यात. इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफ-रोड ट्रेनिंग अकॅडमी आहे. तिथे तर गुळगुळीत ट्रॅकही नाही. चढ, चिखल, दगड यांतून गाडी कशी काढायची ते शिकवतात. दोन्ही नावांत 'अकॅडमी' आहे, हे लक्षात घ्या. शिकवणं हा मंगळवारचा धंदा आहे.

चला, कागदावर

मग आम्ही कागद घेतला. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा ५ गो-कार्ट. महिन्याचा पक्का खर्च, म्हणजे हप्ता, ४ माणसांचा पगार, वीज, इन्शुरन्स, देखभाल मिळून २ लाख. वर्षाचे २४ लाख. एका राइडचे ३०० रुपये घेतले, त्यातले १०० पेट्रोल, टायर आणि झिजेत गेले, हातात राहिले २००.

२४ लाख भागिले २०० म्हणजे वर्षाला १२,००० राइड. पावसाळा सोडला तर महिने ८. म्हणजे महिन्याला १,५००. गिऱ्हाईक फक्त शनिवार-रविवारी येणार, महिन्यात असे ८ दिवस धरा. दिवसाला झाल्या १८८ राइड.

आता दिवसाला जास्तीत जास्त होतील किती? १० मिनिटांची राइड, ५ मिनिटं उतरणं-चढणं-हेल्मेट. तासाला ४ फेऱ्या, ५ गाड्या, म्हणजे २० राइड. १० तास चालवलं तर २००.

म्हणजे दर शनिवार-रविवारी, भर दुपारच्या उन्हातसुद्धा, २०० पैकी १८८ सीट भरल्या तर तुझा नफा किती? शून्य. तुझा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही. एक कार्ट बंद पडलं तर तू तोट्यात.

मुलगा कागदाकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "राइडचे पाचशे घेतले तर?" प्रश्न चांगला होता. पाचशेला हातात ४०० राहतात, दिवसाला ९४ राइड लागतात. निम्म्या. पण चार जणांचं कुटुंब १० मिनिटांसाठी २,००० रुपये देईल का, हे कागद सांगणार नाही. ते फक्त गिऱ्हाईक सांगेल. आणि ते विचारायला वाडी गहाण ठेवावी लागत नाही.

मग स्वप्न सोडायचं का?

नाही. मी त्याला स्वप्न सोड म्हटलं नाही. क्रम बदल म्हटलं.

आपल्याकडे मंगळवारी कोण आहे ते बघ. अलिबागला कामाला जाणाऱ्या, स्कूटर शिकायची असलेल्या बायका आहेत. त्यांना नवरा शिकवतो तेव्हा अर्धा वेळ ओरडण्यात जातो, हे माझ्या काउंटरवर मी रोज ऐकते. अठराव्या वर्षी लायसन्स काढणारी मुलं आहेत. त्यांना गिअर टाकता येतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा मारायचा ते माहीत नाही. घरपोच डिलिव्हरी करणारी पोरं आहेत. आपल्या रस्त्यावरच्या वळणांवर, वाळू सांडलेल्या कडेवर पडून माझ्याकडे इंडिकेटर आणि लिव्हर घ्यायला येतात. आज मी त्यांना लिव्हर विकते. न पडण्याचं शिक्षण विकणारं इथे माझ्या पाहण्यात कुणी नाही.

तर पहिलं पाऊल असं: गावातलं एखादं सपाट, कडक मैदान रीतसर परवानगी घेऊन, भाडं देऊन, आठवड्यातून एक सकाळ घ्यायचं. प्लास्टिकचे कोन, दोन चांगली हेल्मेट, एक जुनी स्कूटर, प्रथमोपचाराची पेटी. शिकवायला अनुभवी माणूस, आणि तू स्वतः आधी कुठेतरी नीट शिकून ये. ही तुझी शोलावरमची धावपट्टी. तीन महिने चालव. कोण आलं, कोण परत आलं, कुणी दुसऱ्याला आणलं, वहीत लिही. पैसे किती मिळाले यापेक्षा परत किती आले ते बघ. वीस माणसं परत आली तर त्यांच्या जोरावर पुढचं बोलू. नाही आली तर तुझे काही हजार गेले, आजोबांची वाडी गेली नाही.

यात एक अडचण आहे, तीही सांगते. मैदानात कोन लावून मावशींना स्कूटर शिकवण्यात रुबाब नाही. इन्स्टाग्रामवर वाळवंटातल्या ट्रॅकचा फोटो जितका शोभतो, तितका हा शोभणार नाही. मित्र हसतील. मलाही शोकेसमधली जॅकेटं गंजक्या वायरीपेक्षा जास्त आवडायची. आपल्या वयाच्या पुष्कळ धंद्यांना हाच रुबाब खातो.

त्याच्या वडिलांशी मी बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. सही न करून त्यांनी जो हिशोब मांडला होता, तोच आम्ही दोन तासांत कागदावर मांडला. जाताना मुलगा कागद घडी करून घेऊन गेला. थोडा नाराजच होता. पुढे काय करतो ते त्याचं तो ठरवेल. मैदान घेतलं तर पहिल्या दिवशीची दोन हेल्मेट माझ्याकडून, खरेदीच्या दरात.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एकच. धंदा सुरू असेल तर मागच्या चार मंगळवारचा गल्ला वहीतून काढा आणि चार रविवारच्या शेजारी लिहा. धंदा अजून डोक्यातच असेल तर मंगळवारी दुपारी तीन वाजता तुमच्या दारात येतील अशा दहा माणसांची नावं लिहा. 'टुरिस्ट' हे नाव नाही. 'पब्लिक' हेही नाव नाही. ज्याला तुम्ही हाक मारू शकता ते नाव.

दहा नावं सुचली नाहीत तर बँकेत जाऊ नका. आधी गावात एक चक्कर मारून या.

भेटू पुढच्या व्हिडिओत.